वीस चिन्हांतले लातूर

मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात १९८६-८७ मध्ये टेलिफोनवरून अर्नेटची इ-मेल सुरू झाली. जगभरच्या त्या जुन्या वाटांवर ७ बिटांची १२८ चिन्हेच सुखरूप पोचण्याची खात्री होती. रोमन लिपीचे त्यात भागे. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणात मात्र देवनागरी १२८ च्या पुढे बसवलेली. वाटेतल्या यंत्राने आठवे बिट कापले, की मराठी पत्राचा निव्वळ कचरा!

यावरची युक्ती म्हणजे १९८० चे मेरी अॅन हॉर्टन यांचे यूयूएन्कोड आणि पुढे १९९२ च्या ‘माइम’ प्रमाणातले बेस६४. ३ बाइट म्हणजे २४ बिट; त्यांचे सहा-सहाचे ४ गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक साधे चिन्ह द्यायचे.

आजच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे. ‘लातूर’मध्ये ल, काना, त, दीर्घ उकार आणि र अशी ५, म्हणून बेस६४ मध्ये बरोबर २०. उकार सोडला तर प्रत्येक चौकडीची सुरुवात चार-के-एस अशीच होते! पत्रात ती वारंवार दिसली, तर बिघाड समजून पुसू नये. लिनक्सवर बेस६४ याच नावाची आज्ञा उलगडण्याच्या खुणेसह दिली, की मूळ मराठी समोर येते. ही गुप्तलिपी नव्हे, हिला किल्ली लागत नाही; प्रश्नपत्रिका हिच्यात झाकायला जाऊ नये.