आश्रयाची रांग : जर्मनीतील एका हक्काची कहाणी

पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेत १९४९ साली एक अगदी छोटे वाक्य घालण्यात आले. राजकीय कारणास्तव ज्यांचा छळ होतो त्यांना आश्रयाचा हक्क आहे, एवढाच त्याचा आशय. मूळ जर्मन भाषेत ते वाक्य अवघ्या चार शब्दांचे आहे. आज मला जे सांगावयाचे आहे ते या चार शब्दांविषयी कमी आणि त्यांच्या दारात पुढे जी रांग लागली तिच्याविषयी अधिक आहे. हक्क कोणाला आहे हे कायदा सांगतो. परंतु अमक्या माणसाला तो आहे की नाही, हे ठरावयास किती दिवस लागतात यावर त्याच्या आयुष्याचे काय होणार हे पुष्कळसे अवलंबून असते. कचेरीत दप्तर पडून राहणे म्हणजे काय, हे आपल्याकडील मंडळींना समजावून सांगावयास नको.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. फाळणीनंतर आपल्याकडे जे निर्वासित आले त्यांचे हाल अपार झाले, पण ‘तुमचा छळ झाला हे सिद्ध करा’ असे त्यांना कोणी म्हटले नाही. ते या देशाचे नागरिक म्हणूनच आले. आश्रयार्थी हा निराळा माणूस. तो परक्या देशाच्या दारात उभा राहतो, अर्ज करतो, आपली हकीकत एका अधिकाऱ्यापुढे सांगतो आणि निकाल लागेपर्यंत ना धड पाहुणा, ना धड रहिवासी अशा स्थितीत दिवस काढतो.

ही घटना बॉन येथे तयार होत असताना, १९४८च्या अखेरीस, या हक्काला काही अटी घालाव्यात अशी सूचना पुढे आली होती. तिला हेरमान फॉन मांगोल्ट या कायदेपंडितांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, एक जरी अट घातली तरी ती पुरी होते की नाही हे सीमेवरचा शिपाई तपासू लागेल, आणि मग सगळे कलमच फुकट जाईल. कार्लो श्मिड यांनी तर याहून पुढे जाऊन सांगितले की, आश्रय देणे हा औदार्याचा प्रश्न आहे, आणि ज्याला उदार व्हावयाचे आहे त्याने माणूस ओळखण्यात प्रसंगी चूक होण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. ही दोन वाक्ये श्रोत्यांनी ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

हे औदार्य कोठून आले? अगदी ताज्या आठवणीतून आले. हिटलरच्या अमलात जर्मन माणूसच देशोदेशीच्या दारात उभा होता. विली ब्रांट नॉर्वे-स्वीडनमध्ये राहिले, एर्न्स्ट रॉयटर तुर्कस्तानात. आपल्या मुंबईनेही त्या काळात अशी माणसे पाहिली. बर्लिनचे रूडॉल्फ फॉन लायडन, व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर ही मंडळी याच लाटेबरोबर मुंबईस आली आणि पुढे १९४७ साली निघालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुण चित्रकारांचे पाठीराखे झाली. मुंबईत १९३४ साली ज्यू निर्वासितांच्या मदतीसाठी एक संस्थाही निघाली होती. ज्यांना दारे उघडी सापडली ते वाचले, ज्यांना सापडली नाहीत त्यांचे काय झाले हे बॉनच्या सभासदांना पुरते ठाऊक होते.

या हक्काची अंमलबजावणी करण्यासाठी १९५३ साली न्यूरेंबर्गजवळ एक कचेरी उघडली गेली. प्रारंभी तिचा पसारा पन्नास माणसांचाही नव्हता. वर्षाकाठी येणारे अर्ज थोडे, आणि येणारे बहुतेक कम्युनिस्ट राजवटीतून निसटलेले. १९५६ साली हंगेरीतून, १९६८ साली चेकोस्लोव्हाकियातून लोक आले, त्यांचे स्वागतच झाले. शीतयुद्धाच्या दिवसांत असा प्रत्येक पाहुणा म्हणजे आपल्या राज्यपद्धतीला मिळालेले एक प्रशस्तिपत्रकच वाटे.

चित्र पालटले ते १९७३ नंतर. त्या वर्षी तेलाच्या संकटाच्या सुमारास जर्मन सरकारने परदेशी मजुरांची भरती बंद केली आणि कायदेशीर मार्गाने आत येण्याची एक मोठी वाट बुजली. १९७६ साली आश्रयाचे अर्ज ११,००० होते. १९८० साली ते १,०७,८१८ झाले. त्यांतले निम्म्याहून अधिक तुर्कस्तानातून आलेले होते, आणि त्याच वर्षी तेथे लष्कराने सत्ता बळकावली हेही विसरून चालणार नाही. आता कचेरीची घडण पाहा. अर्जाचा विचार तीन माणसांची समिती करी. नकार आला तर दुसरी समिती. तिनेही नाकारले तर न्यायालय, मग वरचे न्यायालय, मग त्याहून वरचे. त्यातही गंमत अशी की, १९७९ अखेरपर्यंत साऱ्या देशातले हे दावे आन्सबाख या एकाच गावच्या न्यायालयात चालत. एकेका प्रकरणाला कैक वर्षे लागू लागली.

येथे रांगेचा एक विचित्र गुण दिसून येतो. ज्याचा खरोखर छळ झाला त्याला ही वर्षे जाळतात. बायकामुले दूर, मनात भीती, उद्याचा भरवसा नाही. उलट ज्याचा दावा लंगडा आहे त्याला लांबलेला निकाल हेच बक्षीस, कारण निकाल लागेपर्यंत त्याला कोणी हलवू शकत नाही. म्हणजे दिरंगाई सज्जनाला शिक्षा करते आणि लटक्याला बोलावणे धाडते. सरकारला हे कळले नव्हते असे नाही. १९७८ साली दुसरी समिती रद्द झाली, १९८० साली पहिल्या समितीच्या जागी एकच अधिकारी आला, १९८२ साली स्वतंत्र कायदा झाला. परंतु त्याबरोबरच दुसराही एक उपाय योजला गेला : रांगेत उभे राहणेच नकोसे करून टाकावयाचे. अर्जदारांना नोकरी करण्यास प्रथम एक वर्ष, मग दोन आणि १९८७ पासून पाच वर्षे मनाई झाली. राहणे सामुदायिक वसतिगृहात, मदत पैशांऐवजी वस्तूंत. काम करू द्यावयाचे नाही आणि मग हे लोक आयते बसून खातात असे शेजाऱ्यांनी म्हणावयाचे, हा या धोरणाचा परिणाम मला सर्वांत घातक वाटतो.

अर्ज १९८३ साली २०,००० च्या खाली आले खरे, पण दशकाच्या अखेरीस ते पुन्हा लाखावर गेले. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली, पाठोपाठ युगोस्लाव्हिया फुटला, रुमानियाची सीमा खुली झाली. १९९२ साली ४,३८,१९१ अर्ज आले. बाल्टिक समुद्राकाठच्या रोस्टॉक शहरात त्या उन्हाळ्यात जे घडले ते मुद्दाम सांगतो, कारण तेथे रांग अक्षरशः रस्त्यावर आली. लिख्टनहागेन या वस्तीतील स्वागतकेंद्र भरून गेले, तेव्हा नव्याने आलेली माणसे, पुष्कळशी रुमानियातील रोमा कुटुंबे, इमारतीसमोरच्या गवतावर आठवडेच्या आठवडे झोपू लागली. शौचकूप नाही, पाणी नाही. वस्तीतल्या लोकांनी तक्रारी केल्या, अधिकारी ढिम्म. २२ ऑगस्टला जमाव दगड घेऊन जमला, आणि २४ तारखेच्या रात्री शेजारच्या ज्या इमारतीत व्हिएतनामी कामगार राहत तिला आग लावण्यात आली; शंभराहून अधिक माणसे छपरावरून निसटली म्हणून वाचली. भोवती उभे राहून टाळ्या पिटणारे नागरिक होते. या व्हिएतनामी कामगारांचा आश्रयाच्या अर्जांशी काही एक संबंध नव्हता.

यानंतर बॉनमध्ये सत्तारूढ आणि विरोधी पक्षांची तडजोड झाली. २६ मे १९९३ रोजी संसदेने ५२१ विरुद्ध १३२ मतांनी घटना दुरुस्त केली. बाहेर निदर्शकांचा असा वेढा होता की कित्येक सभासदांना ऱ्हाईन नदीतून नावेने सभागृह गाठावे लागले. चार शब्द कायम राहिले, पण त्यांच्यामागे अटींची लांबलचक पुरवणी जोडली गेली. त्यातली मुख्य अशी की, जो सुरक्षित देशातून आला त्याला या हक्काचा आधार घेता येणार नाही. आणि जर्मनीच्या सीमेला लागून असलेले नऊच्या नऊ देश सुरक्षित ठरविण्यात आले. नकाशा डोळ्यांसमोर आणा म्हणजे याचा अर्थ कळेल : जमिनीवरून येणाऱ्याला दार बंद. मांगोल्ट यांची भीती अशी पंचेचाळीस वर्षांनी खरी ठरली. आणि मतदानानंतर तिसऱ्याच दिवशी झोलिंगन येथे एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवून पाच स्त्रिया व मुली मारल्या गेल्या. तेही कुटुंब आश्रयार्थी नव्हते. वर्षानुवर्षे तेथेच नांदणारे होते.

१९९४ साली अर्ज १,२७,२१० वर आले, २००७ साली नवे अर्ज अवघे १९,१६४. रांग नाहीशी झाली काय? ती हलली. ज्या देशात माणूस प्रथम पाऊल ठेवील त्यानेच त्याचा अर्ज पाहावा, असा युरोपीय करार १९९७ पासून अमलात आला, आणि ओझे ग्रीस, इटली यांसारख्या किनाऱ्यावरील देशांवर पडले. ग्रीसमधील हाल इतके झाले की २०११ साली स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने माणसांना तेथे परत धाडणे हाच हक्कभंग ठरविला. इकडे जर्मन कचेरीला मात्र सुस्तीचे दिवस आले होते.

मग २०१५ साल उजाडले. सीरियातील युद्धाचे ते पाचवे वर्ष. त्या वर्षी सुमारे ८,९०,००० आश्रयार्थी जर्मनीत आले. परंतु नोंदले गेलेले अर्ज ४,७६,६४९ एवढेच. मग उरलेले गेले कोठे? ते अर्ज देण्याच्या रांगेत उभे होते. कचेरीचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. दाखल होण्यासाठी जे महिने लागले ते हिशेबात धरलेच जात नाहीत. बर्लिनमध्ये साधी नोंदणी व्हावी म्हणून लोक रात्ररात्र फुटपाथवर बसून राहिले. एका खात्याने घेतलेले बोटांचे ठसे दुसऱ्या खात्याला दिसत नसत, म्हणून तेच ठसे पुनःपुन्हा घेतले जात. ही गोष्ट यंत्रविद्येत अग्रेसर म्हणविणाऱ्या देशातली आहे.

सप्टेंबरमध्ये कचेरीचे प्रमुख पायउतार झाले आणि रोजगार खात्याचे प्रमुख फ्रांक-युर्गन वाइझ यांच्याकडे हेही काम सोपविले गेले. त्यांनी कारखान्याच्या शिस्तीने काम चालविले. हजारो नवे नोकर घेतले, त्यांना काही आठवड्यांचे शिक्षण दिले. अर्जांची प्रतवारी लावली : ज्यांचा निकाल सहज लागेल ते आधी, गुंतागुंतीचे मागून. पूर्वी जो अधिकारी हकीकत ऐके तोच निकाल देई. आता ऐकणारा एक आणि कागद वाचून ठरविणारा दुसरा, असेही होऊ लागले. २०१५ साली २,८२,७२६ निकाल लागले होते, २०१६ साली ६,९५,७३३ लागले. कोणत्याही सरकारी कचेरीच्या दृष्टीने हा पराक्रमच म्हटला पाहिजे.

तथापि याच काळात निकालाला लागणारा सरासरी वेळ ५.२ महिन्यांवरून ७.१ वर, आणि २०१७ साली १०.७ महिन्यांवर गेला. वर्तमानपत्रांनी ओरड केली, पण कारण साधे होते. सरासरी निघते ती निकाल लागलेल्या अर्जांची, पडून राहिलेल्यांची नव्हे. सोपी कामे उरकली, तळाशी दबलेली जुनी दप्तरे वर काढली, की आकडा फुगतो.

या घाईची किंमतही मोजावी लागली. जर्मन लष्करातील एका लेफ्टनंटाने सीरियन निर्वासित असल्याची बतावणी करून संरक्षण मिळविले होते, हे २०१७ साली उघडकीस आले. श्मिड यांनी चुकीची तयारी ठेवा म्हटले ते औदार्यासाठी. ही चूक उतावळीची होती. पण सर्वांत अधिक सोसले ते रांगेतल्या प्रामाणिक माणसाने. २०१५ साली बहुतेक सीरियन माणसांना केवळ प्रश्नावली भरून पूर्ण निर्वासित दर्जा मिळत होता : तीन वर्षांचा परवाना आणि बायकामुलांना आणण्याचा हक्क. मार्च २०१६ मध्ये कायदा बदलला. ज्यांना दुय्यम संरक्षण मिळेल त्यांना कुटुंब आणण्यास दोन वर्षे बंदी झाली, आणि त्यानंतर पुष्कळ सीरियनांना हेच दुय्यम संरक्षण एकेक वर्षाच्या परवान्यासह मिळू लागले. एकाच शहरातून, एकाच महिन्यात निघालेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाचे दप्तर जानेवारीत उघडले आणि दुसऱ्याचे ऑक्टोबरमध्ये, एवढ्यावरून एकाची मुले त्याच्याजवळ आली आणि दुसऱ्याची तुर्कस्तानात वा लेबनॉनमध्ये वाट पाहत बसली, असे घडू शकत होते. ही वाट १ ऑगस्ट २०१८ पासून पुन्हा उघडली, तीही महिन्याला १,००० माणसांपुरती.

स्वाभाविकच लोक न्यायालयात गेले. २०१७ च्या अखेरीस कचेरीत पडून असलेले अर्ज ६८,२४६ एवढेच उरले होते. त्याच वेळी प्रशासकीय न्यायालयांत आश्रयाचे साडेतीन लाखांहून अधिक दावे तुंबले होते.

डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसची असाद राजवट कोसळली. दुसऱ्याच दिवशी, ९ डिसेंबरला, जर्मन कचेरीने सीरियन अर्जांवर निकाल देणे थांबविले. असे सुमारे ४७,००० अर्ज तेव्हा शिल्लक होते. परिस्थिती अनिश्चित असेल तर निकाल लांबणीवर टाकता येतो अशी सोय कायद्यातच आहे, आणि अर्ज दाखल झाल्यापासून तिची कमाल मुदत २१ महिन्यांची आहे.