फॉर्मवरचा एक रकाना: १३ वर्षांची रोहिणी आणि बुद्धिबळाचं बंद दार

वर्ध्यातून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बस-लोकलमध्ये, ऑफिसात चहा पिता पिता वाचून टाका.

आज सुरुवात करू जपानपासून. आपल्याकडे बर्फ म्हणजे मे महिन्यात उसाच्या रसात टाकतात तो. पण तिकडे बर्फावर नाचायचा अख्खा खेळ आहे, फिगर स्केटिंग. त्यात माओ असादा नावाची एक मुलगी होती. डिसेंबर २००५ मध्ये टोकियोला ग्रां प्री फायनल झाली आणि १५ वर्षांच्या माओनं ती जिंकली. त्या वेळची जगज्जेती इरिना स्लुत्स्काया तिच्या मागे राहिली. दोन महिन्यांनी ट्युरिनला हिवाळी ऑलिम्पिक होतं. माओ गेली का? नाही. नियम असा की आदल्या वर्षीच्या १ जुलैपूर्वी वयाची १५ वर्षं पूर्ण पाहिजेत. माओचा जन्म २५ सप्टेंबर १९९०चा. ८७ दिवस कमी पडले! आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर एक इफ कंडिशन फेल, प्रोग्राम तिथंच थांबला.

पण खरं सांगू का, वयाच्या नियमामागे काहीतरी विचार आहे. कोवळ्या वयात शरीरावर फार ताण येऊ नये म्हणून तो असतो. पुढे २०२२ मध्ये तर ही वयोमर्यादा १७ पर्यंत वाढवायचं ठरलं. माओलाही नंतर संधी मिळाली. २०१० मध्ये व्हँकुव्हरला तिनं रौप्यपदक घेतलं, आणि जगज्जेतेपद तीनदा मिळवलं. म्हणजे तिच्यासाठी दार चार वर्षं उशिरा उघडलं, पण उघडलं.

आता विचार करा, नियम वयाचा नसून 'तू मुलगी आहेस' एवढाच असेल तर? वय वाढतं, हो. मुलीनं काय करायचं?

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडलीये आणि ती आपल्याला शाळेत कुणी सांगितली नाही.

मुंबईतलं खाडिलकरांचं घर. 'नवाकाळ' पेपर काढणारं. सुबोध भावेंचा 'संगीत मानापमान' सिनेमा आला होता ना, ते मूळ नाटक लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर याच घराण्यातले. त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर हे 'नवाकाळ'चे संपादक आणि त्यांच्या तीन मुली: वासंती, जयश्री, रोहिणी. तिघीही बुद्धिबळ खेळायच्या. नुसत्या खेळायच्या नाहीत बरं. १९७४ मध्ये देशात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा झाली, ती वासंतीनं जिंकली. पुढे जयश्रीनंही हे विजेतेपद मिळवलं. मग धाकटीचा नंबर लागला. रोहिणीचा जन्म १९६३चा. वयाच्या १३ व्या वर्षी ती राष्ट्रीय महिला विजेती झाली आणि पुढे सलग तीनदा जिंकणारी पहिली खेळाडू ठरली. एकूण पाच वेळा हे पद तिच्याकडे आलं. त्या पहिल्या दशकात महिलांचं राष्ट्रीय बुद्धिबळ म्हणजे जवळजवळ एका घराचा डायनिंग टेबल होता म्हणा ना.

पण खरा धमाका वेगळाच. १९७६ मध्येच रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. देशात असं करणारी ती पहिलीच. झालं, गोंधळ उडाला. पुरुषांच्या स्पर्धेत मुलगी कशी काय? प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. तेवढ्यावर थांबलं नाही, थेट जागतिक बुद्धिबळ महासंघापर्यंत पोचलं.

तिथं अध्यक्ष होते मॅक्स युवे, नेदरलँड्सचे. १९३५ मध्ये अलेखाइनला हरवून ते जगज्जेते झाले होते. आणि आमच्या फील्डवाल्यांनी लक्षात ठेवावं असं म्हणजे, ते पुढे इन्फर्मेटिक्सचे, म्हणजे आपल्या कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक झाले. त्यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत महिलांना अडवता येणार नाही. एका तेरा वर्षांच्या मराठी मुलीमुळे हा प्रश्न जगाच्या टेबलावर आला होता, भाऊ!

बरं, ती नुसती कागदावर जिंकली असं नाही. पटावरही बसली. ती स्पर्धा तिनं जिंकली नाही, पण तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं. हे तिघं पुरुष होते आणि आपापल्या राज्यात पहिले होते. 'मुलींना झेपणार नाही' म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर काय द्यायचं?

पुढचं करिअरही भारी आहे. १९८० मध्ये अर्जुन पुरस्कार. १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई महिला विजेतेपद, १२ पैकी ११.५ गुण, एकही डाव न हरता. त्याच वर्षी वुमन इंटरनॅशनल मास्टर. १९८३ मध्ये क्वालालंपूरला पुन्हा आशियाई विजेती. आणि मग १९९३ मध्ये बुद्धिबळ सोडून तिनं छपाईचं तंत्र शिकायला घेतलं. १९९८ मध्ये 'संध्याकाळ' या सायंदैनिकाची संपादक झाली. पटावरून उठली, ती थेट पेपरात बसली.

आता तुम्ही म्हणाल, चला, निर्णय आला, प्रश्न मिटला. एवढं सोपं असतं का? हंगेरीच्या सुसान पोल्गारला १९८६ मध्ये पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या पुढच्या फेरीसाठी पात्र ठरूनही खेळू दिलं नव्हतं. म्हणजे निर्णयानंतर दहा वर्षांनी! सॉफ्टवेअरमध्ये आपण पॅच टाकतो, पण जुनं व्हर्जन कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर चालूच असतं. नियमांचं तसंच आहे.

हे मी इतक्या खात्रीनं का सांगतोय? कारण असाच एक जुना सर्व्हर मी स्वतः बघितलाय. शाळेत असताना गावात रविवारी एक स्पर्धा होती. मी आणि माझी आतेबहीण सायकलनं गेलो. घरी दहा डाव झाले तर आठ ती जिंकायची. टेबलावरचे काका म्हणाले, मुलींच्या गटात एंट्र्याच आल्या नाहीत, गट रद्द. मुलांच्यात खेळू द्या म्हटलं, तर म्हणे फॉर्मवर तसा रकाना नाही. मी खेळलो, दुसऱ्या फेरीत बाहेर. ती तेवढा वेळ माझी बॅग घेऊन बसली होती. तिनं तेव्हा रोहिणी खाडिलकरांचं नाव ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं. ऐकलं असतं तर निदान भांडलो असतो.

आता २०२५ मध्ये या. आपल्या वर्ध्याहून रेल्वेनं तासा-दीड तासावर नागपूर. तिथली दिव्या देशमुख, वय १९. जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषक. उपांत्य फेरीत तिनं माजी जगज्जेती तान झोंगयीला हरवलं. अंतिम सामना कोनेरू हंपीशी, म्हणजे दोन्ही बाजूंना भारतीयच. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत. २८ जुलैला टायब्रेक, पहिला रॅपिड डावही बरोबरीत, दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. आणि त्यासोबत ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, महिलांमध्ये फक्त चौथी.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. 'वुमन ग्रँडमास्टर' हा किताब वेगळा, तो दिव्याकडे आधीच होता. 'ग्रँडमास्टर' हा सगळ्यांसाठी एकच किताब आहे. आनंद, गुकेशकडे जो आहे तोच. ८८ जणांत चार मुली हा तेव्हाचा आकडा अभिमानाचाही आहे आणि टोचणाराही. किती मुली दुसऱ्यांच्या बॅगा सांभाळत बसल्या असतील, याचा हिशोब त्या आकड्यात नाही.

दिव्या जिंकली त्या रात्री आतेबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. दिव्याचा फोटो आणि खाली एक ओळ: 'त्या दिवशी तुझी बॅग मीच सांभाळली होती, आठवतं का?' मला बराच वेळ काही टाइपच करता येईना.

तर मंडळी, गणपतीत, शाळेत, कॉलनीत तुम्ही कुणी स्पर्धा भरवत असाल तर एक काम करा. मुलींचा वेगळा गट ठेवा, जरूर ठेवा. पण फॉर्मवर एक रकाना खुल्या गटाचाही ठेवा आणि तो सगळ्यांसाठी खरंच खुला असू द्या. १३ वर्षांच्या पोरीला त्यासाठी कोर्टात जावं लागायला नको.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, घरी कुणी तुम्हाला नेहमी हरवत असेल, तर हा भाग आधी तिला पाठवा.