प्रादेशिक विमानसेवेतील विमानांची निवड

मोठी शहरे व जिल्ह्यांची ठिकाणे यांना जोडणाऱ्या कमी अंतराच्या हवाई मार्गांसाठी, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या विमान-प्रकारांतून एखादा प्रकार पसंत करण्याची प्रक्रिया. सर्वसामान्य समजुतीच्या उलट, या निवडीत वेगाला फारसे महत्त्व नसते. तीनशे किमी.च्या मार्गावर जेट विमानाने वाचणारी काही मिनिटे विमानतळावरील प्रतीक्षेतच खर्ची पडतात. धावपट्टीची लांबी, प्रत्यक्ष मिळणारे उतारू, दर फेरीचा खर्च व सुट्या भागांची उपलब्धता हे निर्णायक घटक होत. विमान जितके मोठे तितका दर आसनामागील खर्च कमी, परंतु दर फेरीचा खर्च अधिक, असा हा पेच आहे. पुण्याच्या मार्केट यार्डातून माल धाडणारा व्यापारी अर्धा रिकामा ट्रक पाठवावा की भरलेला टेंपो, याचा जो हिशेब करतो तोच येथेही लागू पडतो. फरक एवढाच की, टेंपो उद्या बदलता येतो, विमानांचा ताफा मात्र पंधरा-वीस वर्षे बाळगावा लागतो.

भारतात ही निवड विमान कंपन्यांच्या हाती पूर्णपणे क्वचितच राहिली. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खाजगी कंपन्यांच्या एकत्रीकरणातून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन सुरू झाले, तेव्हा त्याच्याकडील ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा (डीसी-३) होती. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेली ही विमाने कच्च्या धावपट्टीवरही उतरत. त्यांची जागा कोण घेणार, हा जगभरचाच प्रश्न होता आणि त्याची दोन उत्तरे पुढे आली : हॉलंडचे फॉकर फ्रेंडशिप (पहिले उड्डाण १९५५) आणि ब्रिटनचे ॲव्ह्रो ७४८ (१९६०). दोन्ही सुमारे चाळीस ते पन्नास आसनांची आणि दोन्हींत रोल्स-रॉइसचे डार्ट हेच टर्बोप्रॉप एंजिन (झोत-टर्बाइनाच्या शक्तीने पंखा फिरविणारे एंजिन) होते. १९५७ मध्ये दाखल झालेल्या व्हायकाउंट विमानांतही हेच एंजिन असल्याने कॉर्पोरेशनच्या यंत्रज्ञांना ते परिचयाचे होते. फ्रेंडशिपचे पंख धडावर, तर ॲव्ह्रोचे धडाखाली बसविलेले असत.

कॉर्पोरेशनने १९६१ मध्ये फ्रेंडशिप सेवेत आणले. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी कानपूर येथे जुळणी केलेल्या पहिल्या ॲव्ह्रोने उड्डाण केले. हा कारखाना हवाई दलाच्या गरजेसाठी उभारला होता. परंतु केवळ लष्करी मागणीवर तो किफायतशीर होणे कठीण होते. १९६७ पासून कॉर्पोरेशनलाही कानपूरचे ॲव्ह्रो वापरावे लागले आणि दोन प्रतिस्पर्धी विमाने एकाच ताफ्यात शेजारी-शेजारी उडू लागली. दोन प्रकारांसाठी वैमानिकांचे वेगळे प्रशिक्षण व वेगळे सुटे भाग ठेवणे, हा खर्च कोणत्याही हिशेबनिसाने मान्य केला नसता. देशी उत्पादनाच्या दृष्टीने मात्र हा निर्णय समर्थनीय होता, हेही नाकारता येत नाही.

हाच क्रम पुढे वायुदूतच्या बाबतीत घडला. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून १९८१ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीसाठी १९ आसनी डॉर्नियर २२८ विमान घेण्यात आले. ट्विन ऑटर, कासा २१२ ही विमानेही बाजारात होती. तथापि १९८३ च्या करारानुसार डॉर्नियर कानपूरला बनणार होते आणि तटरक्षक दल व नौदल यांनाही ते हवे होते. १९ हा आकडाही विचारपूर्वक ठरलेला आहे. त्याहून अधिक आसने असल्यास अनेक देशांच्या नियमांनुसार परिचारक ठेवावा लागतो. १९८९ मध्ये पुण्याहून हैदराबादकडे निघालेले वायुदूतचे डॉर्नियर इंदापूरजवळ उजनी जलाशयात कोसळले. तोट्यात गेलेली ही कंपनी १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली.

१९९० नंतर खाजगी कंपन्या आल्या. आता सरकार विमान सुचवीत नव्हते, पण आकडे सुचवीत होते. मार्च १९९४ च्या मार्ग-विभाजन नियमांनी मोठ्या मार्गांच्या प्रमाणात लहान मार्गांवरही सेवा देणे बंधनकारक केले. पुढील दशकात ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना अवतरण शुल्कातून सूट मिळाली व ४०,००० किग्रॅ.हून कमी कमाल वजनाच्या विमानांच्या इंधनावरील विक्रीकर ४ टक्क्यांवर आला. मोठ्या विमानांना मात्र मुंबई-पुण्यात अनेक वर्षे २५ टक्के कर पडत असे. साहजिकच फ्रान्स-इटलीचे एटीआर ७२ व कॅनडाचे क्यू-४०० या दोहोंतच खरी स्पर्धा उरली. स्पाइसजेटने २०११ पासून वापरलेले क्यू-४०० ताशी सु. ६६० किमी. वेगाचे व ७८ आसनी होते. एटीआर ताशी सु. ५१० किमी. वेगाचे, परंतु कमी इंधन खाणारे. डेक्कनने २००३ मध्ये आरंभ एटीआरनेच केला होता. इंडिगोनेही २०१७ मध्ये तेच निवडले.

पुणे व कोल्हापूर येथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहेत. उन्हाळ्यात हवा विरळ झाल्याने विमानास धावपट्टी अधिक लागते, अन्यथा उतारू कमी घ्यावे लागतात. कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी सु. १,३७० मी. होती, तोवर तेथे एटीआरचाच पर्याय होता. ती लांबविल्यानंतर स्टार एअरची ५० आसनी एम्ब्राएर जेट विमानेही येऊ लागली.

‘उडान’ योजनेत (२०१७) अर्धी आसने तासाभराच्या उड्डाणास सु. २,५०० रु. या मर्यादित दराने विकून तूट सरकारने भरून देण्याची तरतूद होती. डिसेंबर २०१७ मध्ये नव्या एअर डेक्कनने १९ आसनी बीचक्राफ्टने जळगाव-मुंबई सेवा सुरू केली. विमान मार्गास साजेसे होते, पण मुंबईची धावपट्टी १९ आसनी विमानालाही १८० आसनी विमानाइतकाच वेळ द्यावी लागते, आणि तो वेळच तेथे दुर्मीळ आहे. २०२० मध्ये ही कंपनी बंद पडली. गोव्यातील फ्लाय ९१ कंपनीने मार्च २०२४ मध्ये एटीआर ७२ घेऊन सेवा सुरू केली, ती मोपा येथून. सिंधुदुर्ग, जळगाव, पुणे व २०२५ मध्ये सोलापूर तिच्या मार्गांत आले.