ई-सिम : कार्ड गेलं, ओळख राहिली

ई-सिम म्हणजे दुकानातून आणून फोनमध्ये सरकवायचं कार्ड नव्हे. ती फोनच्या आत कायमची बसवलेली चिप असते. कंपनी त्या चिपमध्ये इंटरनेटवरून आपल्या कनेक्शनची माहिती उतरवते. या माहितीला प्रोफाइल म्हणतात. एका चिपमध्ये अशी अनेक प्रोफाइल राहू शकतात, त्यामुळे उमराहला किंवा नोकरीसाठी गल्फला जाणाऱ्याला भारतातला नंबर न काढता तिथला नंबर घेता येतो.

आता मुख्य गोष्ट. आपला दहा आकडी नंबर लोकांसाठी असतो. नेटवर्क आपल्याला त्या नंबराने ओळखत नाही. त्यासाठी सिममध्ये साधारण १५ आकड्यांचा वेगळा क्रमांक असतो, आयएमएसआय. पहिले तीन आकडे देशाचे : भारताचे ४०४ किंवा ४०५, सौदी अरेबियाचे ४२०. पुढचे दोन-तीन कंपनीचे, उरलेले ग्राहकाचे. म्हणून आपलं सिम जेद्दाहला चालू केलं, की हा पाहुणा कुठला आणि त्याच्याबद्दल कोणत्या कंपनीला विचारायचं, हे तिथल्या नेटवर्कला लगेच कळतं.

क्रमांकासोबत एक गुप्त किल्लीही असते. नेटवर्क एक आकडा पाठवतं, सिम किल्ली वापरून त्याचं उत्तर काढतं, आणि ते कंपनीच्या उत्तराशी जुळलं की प्रवेश. या तपासणीत किल्ली स्वतः हवेत जात नाही. शाळेच्या भाषेत, उत्तर दाखवायचं पण रीत नाही.

म्हणजे प्रोफाइल ज्याच्या फोनमध्ये, नंबर त्याचा. कार्ड चोरायला निदान खिशात हात घालावा लागतो, इथे तेवढंही नको. ‘केवायसी संपली’ असा फोन येतो, एखादी लिंक किंवा विनंती मंजूर करायला सांगतात, आणि आपला नंबर त्यांच्या फोनवर सुरू होतो. मग बँकेचे ओटीपीही तिकडेच! ई-सिमचा क्यूआर कोड म्हणूनच घरच्यांच्या ग्रुपवरही टाकू नये.

शेजारच्या फोनला रेंज आहे आणि आपला अचानक बंद पडला, तर वाट पाहत बसू नका. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला, मग मोबाइल कंपनीला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर. सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे, पण त्याने ओटीपी थांबत नाहीत. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फुकट दिसतं. महाराष्ट्रात एका व्यक्तीला ९ पर्यंत परवानगी आहे. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करता येते.