'वेलस्ली' युद्धनौका : सागवानाची कीर्ती आणि सुताराचा हात

आपल्या नरखेड तालुक्यापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. वर्धेच्या पुराहून मोठे पाणी आपल्या बहुतेक वाडवडिलांनी पाहिले नाही. त्यांच्या हातून घडली ती बंडी, वखर, तिफण, डवरा, देव्हारे आणि वाड्यांची दारे. अशा भूमीतील सुतार समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत इंग्रजांच्या एका युद्धनौकेचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे, की ही नौका मुंबईत सागवानात बांधली गेली. ज्याने आपल्या भोसले राज्याचा लचका तोडला त्याचेच नाव तिला मिळाले. आणि तिच्या सव्वाशे वर्षांच्या आयुष्यातून प्रत्येक कारागिराने स्वतःस विचारावा असा एक प्रश्न निघतो. त्या प्रश्नाकडे समाजबांधवांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. इ. स. १८०३ साली नागपूरचे दुसरे रघूजी भोसले आणि दौलतराव शिंदे इंग्रजांविरुद्ध एकत्र उभे राहिले. दख्खनेत त्यांच्याशी लढणाऱ्या इंग्रजी फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली हा होता. २३ सप्टेंबर रोजी असईच्या आणि २९ नोव्हेंबर रोजी वऱ्हाडातील अडगावच्या रणांगणावर मराठ्यांचा पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह झाला. त्या तहान्वये कटकचा प्रांत इंग्रजांकडे गेला आणि गाविलगड व नरनाळ्याकडील मुलूख वगळता वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाच्या पदरी पडले. मोवाडजवळून वाहणारी आपली वर्धा नदी अशा रीतीने दोन राज्यांची सीमा ठरली. हाच वेलस्ली पुढे जून १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगास ठाऊक झाला.

आता नौकेकडे वळू. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडला ओक लाकडाची टंचाई भासू लागली. ओक हे तेथील जहाजबांधणीचे मुख्य लाकूड. तेव्हा आरमाराधिकाऱ्यांची दृष्टी मुंबईच्या गोदीकडे वळली. तेथे सागवान मिळत होते आणि ते घडविणारे हातही होते. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे कुशल पारशी सुतार सुरतेहून मुंबईस आले, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या त्या गोदीच्या मुख्य सुताराचे पद त्यांच्याच घराण्यात राहिले. वेलस्लीच्या नावाची नौका बांधण्याचे काम याच घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्याकडे आले.

या कामात एक विलक्षण अडचण उपस्थित झाली. नौकेचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नामक युद्धनौकेतून येत होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेने 'जावा' जिंकली आणि ते नकाशे हातचे गेले. परंतु मुंबईचे काम खोळंबले नाही. १८१३ साली जमशेटजींनी 'कॉर्नवॉलिस' ही ७४ तोफांची नौका पाण्यात सोडली होती. तिच्याच मापांवर नवी नौका उभी राहिली. एक चाक उत्तम साधले की तेच माप धरून दुसरे घडवावे, ही रीत आपल्या कोणत्याही सुताराच्या परिचयाची आहे. २४ फेब्रुवारी १८१५ रोजी 'वेलस्ली' पाण्यात उतरली. तीही ७४ तोफांची, सुमारे पावणेदोनशे फूट लांबीची आणि सुमारे १,७५० टनांची होती.

सागवानाचा महिमा आपणांस नव्याने सांगावयास नको. या लाकडात अंगचेच तेल असते. त्यामुळे ते सहजी कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. ओकमधील आम्ल मात्र लोखंडास खाते. मुंबईच्या नौका दीर्घायुषी ठरल्या, त्याचे अर्धे श्रेय या लाकडाला आणि अर्धे ते तासणाऱ्या, जोडणाऱ्या हातांना आहे. याच जमशेटजींविषयी एक कथा परंपरेने सांगतात. त्यांनी १८०० साली बांधलेल्या, 'कॉर्नवॉलिस' याच नावाच्या एका जुन्या जहाजाच्या तळाच्या तुळईवर, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा ठिकाणी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले अशा अर्थाचा मजकूर कोरून ठेवला होता; पुष्कळ वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी तो उजेडात आला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडची शिवीच त्यांनी आपली सही म्हणून कोरली, असे या कथेचे मर्म आहे.

'वेलस्ली'ची युद्धसेवा आपल्याच किनाऱ्याजवळ ठळकपणे दिसू लागते. फेब्रुवारी १८३९ मध्ये नौसेनापती सर फ्रेडरिक मेटलंड यांचे निशाण लावून ती कराचीसमोर उभी राहिली. १८१५ साली पराभूत नेपोलियनने ज्यांच्या जहाजावर येऊन शरणागती पत्करली, तेच हे मेटलंड. मनोऱ्याच्या किल्ल्यावर तिच्या तोफांचा भडिमार झाला आणि किल्ला पडला. आत पाहता मोजकीच माणसे होती. कराची इंग्रजांच्या हाती गेली. त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबर रोजी मुंबईनजीक याच नौकेवर मेटलंड यांचे निधन झाले.

त्यानंतर ती चीनकडे निघाली. त्या युद्धाचे मूळ अफूत होते. बिहार व बनारस या प्रांतांतील अफू कंपनीच्या मक्त्यातून, तर माळव्यातील अफू बव्हंशी मुंबई बंदरातून चीनला जाई. चीनच्या बादशहाने तिला बंदी घातली असताही चोरटा व्यापार चालूच होता. १८३९ च्या जूनमध्ये लिन त्सेश्यू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली आणि इंग्रजांस युद्धाचे निमित्त मिळाले.

जुलै १८४० मध्ये 'वेलस्ली' चूशान बेटासमोर नांगरली. तेथील चिनी अधिकाऱ्यांस तिच्यावर बोलावून बेट स्वाधीन करण्यास सांगण्यात आले. त्यांनी दिलेले उत्तर इंग्रजांनीच नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की तुमचे भांडण कँटनच्या लोकांशी आहे, आम्ही तुमचे काही वाईट केले नाही. तुमचे बळ आम्हांस दिसते, तरीही आमचे कर्तव्य आम्हांस केलेच पाहिजे. ५ जुलै रोजी तोफा सुटल्या आणि काही मिनिटांतच चिनी नौका व किनाऱ्यावरचे मोर्चे निकामी झाले. फेब्रुवारी १८४१ मध्ये कँटनच्या नदीमुखावरील किल्ल्यांवर आणि २६ ऑगस्ट रोजी अमॉय बंदरावर ती पुन्हा लढली. अमॉयची लांबच लांब तटबंदी दगडाची होती. 'वेलस्ली' व 'ब्लेनहाइम' या दोन मोठ्या नौकांनी कित्येक तास भडिमार करूनही तो तट ढासळला नाही. अखेर किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांनी तो घेतला. त्या अज्ञात चिनी गवंड्यांच्या कामास आम्ही येथे आदराने नमस्कार करतो. युद्धाच्या अखेरीस 'वेलस्ली'च्या सागवानी अंगात सुमारे २७ तोफगोळे रुतलेले होते, तरी ती तरंगत होती.

२९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला, तो तिच्याच मुंबईकर भगिनीवर, 'कॉर्नवॉलिस'वर. हाँगकाँग इंग्रजांस मिळाले, पाच बंदरे उघडावी लागली आणि २ कोटी १० लाख डॉलरांचा दंड चीनच्या माथी बसला. वर्धेकाठी झाले तेच चीनच्या किनारी झाले : हरलेल्यांनी मुलूख द्यावा आणि जिंकलेल्यांनी सीमा आखाव्या.

'वेलस्ली'चे उत्तरायुष्य शांततेचे होते. प्रथम ती इंग्लंडातील चॅथम बंदरात उभी राहिली. १८६८ पासून टेम्स नदीत 'कॉर्नवॉल' या नावाने ती वाट चुकलेल्या मुलांस वळण लावणारी शाळा झाली. २४ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांच्या हल्ल्यात ती जबर जखमी होऊन बुडाली. शत्रूच्या हल्ल्यात बुडालेली शिडांच्या काळातील ती शेवटची मोठी ब्रिटिश युद्धनौका, आणि त्या जातीची विमानहल्ल्यात बुडालेली एकमेव. १९४८ साली तिला वर काढून मोडण्यात आले. तिची काही लाकडे लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीत वापरली गेली. सव्वाशे वर्षे पाण्यात राहिलेले सागवान तेव्हाही कामास योग्य होते!

या कथेचा आम्हांस अभिमान वाटावा की खेद? आमचे मत असे की, दोन्ही वाटावेत, आणि एकाने दुसऱ्यास झाकू नये. त्या जोडांतील सचोटी आपल्या देशाच्या कारागिरांची होती. तिचा गौरव करताना संकोच नको. परंतु त्याच सचोटीच्या आधारावर कराची घेतली गेली आणि एका शेजारी राष्ट्राच्या गळी अफू उतरविली गेली, हेही विसरता येत नाही. परसत्तेच्या काळात गोदीतील सुतारास काम निवडण्याची मोकळीक कितीशी असणार? तो पोटासाठी राबत होता. म्हणून दोष त्याच्या वाकसाला नाही. मात्र आज आपण स्वतंत्र आहोत. ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याने आपले काम कोणाच्या उपयोगी पडणार, हे विचारण्याचा हक्कही आता आपला आहे, आणि ते कर्तव्यही आहे.

दुसरी गोष्ट नावाची. त्या नौकेच्या माथी सेनापतीचे नाव आले. मुख्य सुतार म्हणून जमशेटजींचे नाव राहिले, आणि ते राहावयासच हवे. पण ज्या शेकडो हातांनी तुळया तासल्या, फळ्या चिरल्या, त्यांचे नाव कोणत्याही फलकावर नाही. आपल्या गावोगावच्या मंदिरांचे सभामंडप, जुन्या वाड्यांचे कोरीव खांब, यात्रेतले रथ यांविषयी तरी असे होऊ नये. ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारे आली, लाकडी चाकाचा तुंबा व आरे बसविणारे हात आता थोडेच उरले आहेत. म्हणून आमची विनंती अशी, की प्रत्येक गावच्या बांधवांनी आपल्या आजा-पणजाने घडविलेल्या कामांची यादी करावी, घडविणाऱ्याचे नाव लिहावे, आणि ती पुढील स्मरणिकेसाठी पाठवावी. जमशेटजींना आपली सही लपवून कोरावी लागली असेल. आपण ती उजळ माथ्याने लिहू शकतो.

येत्या माघ शुद्ध त्रयोदशीस विश्वकर्मा जयंतीनिमित्त आपण एकत्र जमू, तेव्हा करवत, रंधा व पटाशीच्या पूजेबरोबर त्या अनाम हातांचेही स्मरण व्हावे, अशी आम्ही प्रभू विश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना करतो.