इंदूरची मराठी आणि नोंदीचा रकाना

मराठीत 'इंदूर', हिंदीत 'इंदौर'. मराठीत 'होळकर', हिंदीत 'होलकर'. अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधपेटीत एवढ्याशा फरकाने कागद सापडतो किंवा हरवतो.

1818 च्या मंदसोर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. दरबारी व्यवहार दीर्घकाळ मराठीत, मोडी लिपीत चालला. याच नगरीत 1917, 1935 आणि 2001 साली मराठी साहित्य संमेलने भरली. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मध्य प्रदेश अस्तित्वात आला. मराठीचा राजाश्रय संपला; कागद मात्र उरले. ते आता संगणकावर येत असताना त्यांची भाषा कोणती म्हणून नोंदवली जाते, हा आमच्या मते कळीचा प्रश्न आहे.

या नोंदीलाही इतिहास आहे. मार्च 1995 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ एकत्र आले आणि 'डब्लिन कोअर' या प्रमाण नोंदपद्धतीचा पाया घातला गेला. तिचे शीर्षक, कर्ता, विषय, भाषा आदी पंधरा घटक 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले. भाषासंकेतांत मराठीला 'एमआर', तर हिंदीला 'एचआय' ही रोमन अक्षरे आहेत. मोडीला लिपी म्हणून स्वतंत्र संकेत असून 2014 मध्ये तिला युनिकोडमध्येही स्थान मिळाले. साधने सिद्ध आहेत. रकाना भरणारा हात हवा.

केवळ शोधशब्दांची खोगीरभरती मात्र व्यर्थ होय. क्रमवारीसाठी आपण 'कीवर्ड' खुणा विचारात घेत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले. अचूक शीर्षक, नेमका सारांश आणि खरी भाषा यांनीच कागद वाचकापर्यंत पोहोचतो.

देवनागरी दिसली की हिंदी, असे गृहीत धरणारी एक नोंद मराठी कागदाला मराठी अभ्यासकापासून तोडते. जनगणनेतील मातृभाषेच्या रकान्याचे मोल आम्हा सीमावासीयांना कोणी शिकवायला नको. संविधानाच्या अनुच्छेद 29 ने भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क दिला आहे; परंतु जे मराठी म्हणून नोंदलेच नाही, ते मराठी म्हणून जतन व्हावे कसे? म्हणून इंदूरच्या प्रत्येक मराठी कागदावर भाषा मराठी, लिपी मोडी अथवा देवनागरी, आणि स्थळ 'इंदूर' व 'इंदौर' अशा दोन्ही रूपांत लिहिले जावे, असा आमचा आग्रह आहे.