नादकाटा आणि पंधरा अंश

रंगमंचावरच्या दिव्यांची धग लागली की बास गिटारच्या पोलादी तारा उतरतात, हे वादकांना अनुभवाने ठाऊक असते. एक मीटर लांबीची पोलादी तार एका अंशाने तापली तर तिची लांबी जेमतेम ०.०१२ मिलिमीटरने वाढते. पण सुरात लावताना तार मुळात ताणली जाते ती काही मिलिमीटरच. त्यामुळे एवढ्याशा प्रसरणानेही ताण घटतो आणि त्याबरोबर वारंवारताही. बासरीचे नेमके उलटे. तिच्यात कंप पावते ती हवा. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो.

एकाच सभागृहात तारा उतरणार आणि बासऱ्या चढणार, तर सर्वांनी जुळवायचे कोणत्या स्वराला? या प्रश्नाला इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘ए’ या स्वराची वारंवारता शहरागणिक वेगळी होती आणि ती वर वर सरकत होती. गायकांच्या गळ्यावर त्याचा ताण येई. १८५८ मध्ये फ्रान्सच्या सरकारने आयोग नेमला. त्यात रोसिनी, बर्लिओझ यांसारख्या संगीतकारांबरोबर भौतिकशास्त्रज्ञ लिसाजूही होते; त्यांच्या नावाच्या आकृत्या आपण आजही शिकवतो. १८५९ मध्ये ‘ए’ची वारंवारता ठरली : १५ अंश सेल्सिअसला ४३५ हर्ट्झ.

तापमान कशाला सांगितले? मानक म्हणून वापरायचा नादकाटाही पोलादाचाच. तो तापला की त्याची ताठरता कमी होते आणि स्वर किंचित उतरतो. हा फरक पाच अंशांना सुमारे पाव हर्ट्झ, म्हणजे कानाला न कळण्याइतका असतो.

लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने मात्र या आकड्याचा वेगळा अर्थ लावला. आपली सभागृहे १५ अंशांहून उबदार, तेव्हा फ्रेंच स्वर तेथे चढलेलाच असणार, असा हा विचार. ध्वनीचा वेग १५ अंशांना सेकंदाला सुमारे ३४० मीटर व २० अंशांना ३४३ मीटर असतो. ४३५ ला ३४३ ने गुणून ३४० ने भागा. उत्तर येते ४३८.८. सोसायटीने १८९६ मध्ये ६८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे २० अंश सेल्सिअसला, ४३९ हा आकडा स्वीकारला. गणित बिनचूक होते. पण नादकाट्यासाठी घातलेली अट बासरीतील हवेला लावली गेली होती.

पुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी स्वर निर्माण करायची वेळ आली. ४३९ ही मूळ संख्या असल्याने गुणाकार-भागाकार करणाऱ्या मंडलांतून ती मिळवणे अवघड होते. १९३९ च्या लंडन परिषदेने ४४० हर्ट्झ स्वीकारले. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनेही तोच आकडा घेतला.

वर्गात विद्यार्थी मापन करून नुसता आकडा सांगतात, तेव्हा आपण ‘एकक कोणते?’ असे विचारतो. आम्हाला वाटते, त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : ‘हे तापमान कोणत्या वस्तूचे?’ शेजारी ही हकीकत सांगितली, तर तो प्रश्न त्यांच्या लक्षात राहील.